मागचं इंजिन खोडू नका : स्वमग्न मुलांची आवड त्यांच्या चित्रांतून कशी वाचायची

माझ्या चित्रकलेच्या वर्गाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. नाशिकच्या इंदिरानगरातल्या घराचा हॉल, सतरंजीवर सात-आठ मुलं. त्यातल्या आठ वर्षांच्या एका स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलाने रेल्वेगाडी काढली. पुढे इंजिन, मग मोजून डबे, प्रत्येक खिडकीला गज, आणि शेवटच्या डब्यामागे पुन्हा दोन इंजिनं. मी शिक्षिकेच्या थाटात म्हटलं, "अरे, मागचं खोड. इंजिन पुढे असतं." त्याने खोडलं नाही. नवा कागद घेऊन तीच गाडी पुन्हा काढली, मागची इंजिनं आधीपेक्षा गडद. मी पुन्हा तेच बोलले. तिसऱ्या वेळी त्याने रंगाच्या पाण्याचा डबा उलटा केला आणि कान झाकून टेबलाखाली जाऊन बसला.

वडील घ्यायला आले. चित्राकडे एक नजर टाकून म्हणाले, "मॅडम, ते बँकर आहेत. कसाऱ्याला मागून लागतात ना."

मी नाशिक रोडहून मुंबईला वीस वर्षं ये-जा केलेली बाई. कसारा ते इगतपुरी थळ घाट दर ३७ फुटांमागे एक फूट चढतो. पुढच्या एकट्या इंजिनाला ते झेपत नाही, म्हणून मुंबईहून येणाऱ्या गाड्यांना मागून ढकलायला इंजिनं जोडतात, तेच बँकर. तो जोडणीचा हिसका मी शेकडो वेळा खाल्लाय, एकदा साडीवर चहाही सांडलाय. मागे काय लागलं ते मात्र कधी डोकावून बघितलं नव्हतं. त्याने बघितलं होतं.

तेव्हापासून ही चित्रं बघायची एक पद्धत मी हळूहळू बसवत गेले. आई-बाबा, आजी-आजोबा, चित्रकलेचे शिक्षक, कुणालाही घरी करता येईल अशी. मी डॉक्टर नाही, थेरपिस्टही नाही. आणि चित्रावरून ऑटिझमचं निदान होत नाही, हे आधीच सांगून ठेवते. "तो सारखे पंखे काढतो, म्हणजे ऑटिझमच ना?" असं फोनवर विचारणाऱ्यांना मी विकासात्मक बालरोगतज्ज्ञांकडे पाठवते. पंखे काढणारी मुलं सगळ्या प्रकारची असतात.

आधी थोडं आवडीविषयी

'स्वमग्न' हा शब्द मला मनापासून कधी पटला नाही. मुलगा तासभर पंख्यात बुडालेला असतो आणि आपण म्हणतो, स्वतःत मग्न! पण शब्द रुळलाय, मीही तोच वापरते.

बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ज्या अकरा मुलांची निरीक्षणं मांडली, त्यांतही तोच-तोपणाचा हट्ट ठळक होता. २०१३ च्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत तीव्र, मोजक्या आवडी हे निदानाच्या निकषांपैकी एक आहे. म्हणजे बराच काळ या आवडीकडे लक्षण म्हणूनच बघितलं गेलं. मला उपयोगी पडली ती दुसरी मांडणी. संशोधक डायना मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये लिहिलं की लक्ष ही मर्यादित गोष्ट आहे. बहुतेकांचं ते एकाच वेळी अनेक विषयांत वाटलं जातं, स्वमग्न माणसाचं थोड्याच विषयांत, पण पूर्ण जोराने जातं. गंगापूर धरणाचा विसर्ग बघितलेल्याला हे वेगळं समजवायला नको. सगळे दरवाजे थोडे थोडे उचलणं वेगळं आणि एकच पूर्ण उचलणं वेगळं.

आता चित्रांकडे.

पायरी १ : फेकू नका, मागे लिहा

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आहे आणि हिच्याशिवाय पुढचं काहीच जमत नाही. महिनाभर प्रत्येक कागद ठेवा. कागदाच्या मागे पेन्सिलने तारीख, वेळ, त्या दिवशी काय वेगळं घडलं (पाहुणे, दिवे गेले, शाळेला सुट्टी) आणि काढताना मूल जे बोललं ते शब्दशः लिहा. समोरच्या बाजूला काहीही लिहायचं नाही, 'छान' सुद्धा नाही. तो कागद त्याचा आहे. भिंतीवर किंवा फरशीवर खडूने काढलं असेल तर पुसायच्या आधी मोबाइलवर फोटो घ्या.

महिन्यानंतर, मूल झोपल्यावर, सगळे कागद तारखेच्या क्रमाने जमिनीवर मांडा.

सिडकोत राहणाऱ्या एका आईने हे माझ्यासमोर केलं. पाच वर्षांचा मुलगा, फक्त छताचे पंखे काढायचा. ती अगदी पिचून गेली होती. "ताई, सव्वीस वेळा तेच!" आम्ही सव्वीस कागद मांडले. काहींत तीन पाती स्वच्छ, काहींत पात्यांच्या कडा पुसट, काहींत पाती नाहीतच, नुसतं गोल गोल गिरवलेलं. कोपऱ्यात प्रत्येक ठिकाणी एक छोटा गोळा आणि त्याला एक रेघ. बराच वेळ आम्हाला वाटलं, घड्याळ असेल. मग तिनेच ओळखलं: रेग्युलेटर. रेघ एकवर असेल तेव्हा पाती दिसतात, पाचवर असेल तेव्हा नुसतं वर्तुळ. तिचा मुलगा पंखा काढतच नव्हता, वेग काढत होता. आणि वेग कागदावर कसा दाखवायचा, हा प्रश्न पाच वर्षांच्या मुलाने स्वतःचा स्वतः सोडवला होता.

म्हणून कागद मांडल्यावर एकच शोधा: काय तेच आहे आणि काय बदललंय. जे बदललंय तिथे मुलाचं लक्ष आहे.

पायरी २ : काढताना बघा

तयार चित्र अर्धंच सांगतं. मुलाच्या शेजारी बसा, समोर नको. समोर बसलं की परीक्षेला बसल्यासारखं होतं. सुरुवात कुठून होते ते बघा. पुष्कळ मुलं बाह्यरेषा न काढता एकदम एखाद्या तपशिलापासून निघतात: चाकाचा नट, बसच्या पाटीवरचा नंबर, नळाची तोटी. तिथून चित्र वाढत वाढत कागदाच्या कडेला पोचतं आणि कधीकधी कागदच संपतो. स्वमग्न माणसांचा ओढा तपशिलाकडे जास्त असतो, ही कल्पना मानसशास्त्रज्ञ उटा फ्रिथ यांनी १९८९ मध्ये मांडली. पुढे तिच्यावर बरीच चर्चा झाली, आणि आता तिला कमतरता म्हणण्यापेक्षा बघण्याची एक तऱ्हा म्हणण्याकडे कल आहे. आपल्यापुरता अर्थ इतकाच: "आधी मोठा आकार काढ, मग आत भर" हा चित्रकलेच्या तासाचा नियम इथे लावू नका.

कागद संपण्यावर उपाय सोपा आहे. छापखान्यात कटिंगच्या लांब पट्ट्या उरतात, मागितल्या तर बहुतेक जण देतात. गाड्या, रस्ते, नद्या काढणाऱ्यांसाठी त्या सोन्याहून मोलाच्या. बिलाच्या मशीनचा रोल वापरू नका, त्यावरचं पुसट होतं आणि तो रासायनिक लेपाचा कागद मुलांच्या हातात नकोच.

साहित्याचंही तसंच. काहींना ऑइल पेस्टलचा चिकटपणा सहन होत नाही, काहींना पेन्सिलचा खरखर आवाज. चित्र काढायला नकार म्हणजे चित्राला नकार असं धरू नका. आधी जेल पेन, स्केचपेन, ओला खडू असं बदलून बघा. खोडून खोडून कागदाला भोक पाडणाऱ्यांना मी पांढऱ्या स्टिकरचे तुकडे देते. चुकलं की वर चिकटवायचं.

पायरी ३ : चित्र कशाबद्दल आहे ते ओळखा

विषय लगेच कळतो: बस, पंखा, डायनोसॉर. पण 'बस आवडते' म्हणजे नेमकं काय आवडतं? एकाला दार उघडण्याची पद्धत, दुसऱ्याला मार्ग, तिसऱ्याला पाटीवरची अक्षरं. माझ्याकडे एक मुलगा सिटीलिंकच्या बसचं चित्र म्हणून फक्त थांब्यांची नावं एका वळणदार रेघेवर लिहितो. बस त्यात कुठेच नाही. ते मार्गाचं चित्र आहे, त्याला 'बस काढ' म्हणून उपयोग नाही.

काही चित्रं याद्या असतात. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये एका क्लबात २५ वर्षं भांडी घासणारे ग्रेगरी ब्लॅकस्टॉक हे स्वमग्न चित्रकार एका कागदावर ओळीने करवती, पक्षी, टोप्या असं काढून प्रत्येकाखाली नाव लिहायचे. तुमच्या मुलाने अकरा कुलपं ओळीत काढली असतील तर 'एकच नीट काढ' असं सांगू नका. ओळ हाच विषय आहे.

आणि काही चित्रं मोजमापाची असतात. पंचवटीतली एक दहा वर्षांची मुलगी दुतोंड्या मारुती काढते. बाहेरच्यांसाठी सांगते, नाशिककर गोदावरीचा पूर रामकुंडाजवळच्या या उंच मूर्तीवरून मोजतात. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं, अशी बातमी गावभर फिरते. या मुलीच्या कागदावर मारुती ओळीने उभे, प्रत्येकाला पाणी वेगळ्या उंचीवर आणि खाली धरणातून सोडलेल्या पाण्याचा क्युसेकमधला (सेकंदाला किती घनफूट) आकडा. शाळेत 'पावसाळ्यातील एक दिवस' काढायला सांगितलं तेव्हा तिने हेच काढलं. छत्री नाही, बेडूक नाही, कागदी होडी नाही, म्हणून गुण कापले गेले. मला विचाराल तर अख्ख्या वर्गात पावसाळा तिनेच काढला होता.

तिच्यावरून मुलींबद्दल एक गोष्ट. मुलींची आवड पुष्कळदा चारचौघींसारखी दिसते: मांजर, घोडा, मालिकेतली नायिका. त्यामुळे ती कुणाच्या नजरेत भरत नाही. विषय कुठला ते बघण्याऐवजी ती त्यात किती खोल जाते ते बघा. चाळीस मांजरी आणि प्रत्येकीच्या मिशांची संख्या ठरलेली, असं असेल तर तिथे थांबा.

पायरी ४ : विचारू नका, सांगा

"हे काय आहे?" हा प्रश्न सगळ्यात वाईट. मुलाने एवढं स्पष्ट काढलंय आणि तुम्ही विचारताय हे काय! त्याऐवजी जे दिसतं ते साध्या शब्दांत म्हणा. "इथे तीन लाल दिवे आहेत." "ह्या पंख्याची रेघ चारवर आहे." मग गप्प बसा. मनात दहापर्यंत मोजा, मोजताना पुढचं वाक्य जुळवू नका. निम्म्या वेळा काही घडत नाही. उरलेल्या वेळी मूल तुम्हाला दुरुस्त करतं, आणि दुरुस्त करणं हे संभाषणच आहे.

रेल्वेवाला मुलगा काढायला बसला की स्टेशनवरच्या आवाजात सुरू करतो, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." त्याचे आजोबा याला बडबड म्हणायचे. मी एकदा विचारलं, "गाडी क्रमांक?" लगेच उत्तर आलं, "एक दोन एक शून्य नऊ, पंचवटी." आता आमचं नमस्कार-चमत्कार हेच. ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी म्हणणं हे अशा मुलांचं बोलण्याचं दार असू शकतं; फक्त टकटक त्यांच्याच भाषेत करायची.

न बोलणाऱ्या मुलासोबत तुम्ही वेगळ्या कागदावर तेच काढा, वाईट आलं तरी चालेल. त्याच्या कागदाला हात लावू नका. तो तुमच्या कागदाकडे बघेल, कदाचित तुमचं पातं सरळ करून देईल.

पायरी ५ : एक बोट पुढे

"पण मग तो आयुष्यभर पंखेच काढणार का?" हा प्रश्न येतोच. आवड मोडून दुसरी लावता येत नाही, निदान मला कधी जमलेलं नाही. तिच्या शेजारी काहीतरी ठेवता येतं. एका वेळी एकच बदल, आणि नाही म्हणायचा हक्क मुलाचा. पंख्याशेजारी एक्झॉस्ट फॅन, मग कूलर, मग हेलिकॉप्टर. मारुतीशेजारी पूल. गाडीशेजारी फलाट. मी त्याच्या कागदाला कोरी पट्टी जोडून ठेवते आणि विचारते, "इथे काही थांबतं का?" त्याने पट्टी काढून टाकली तर ती निमूट उचलायची.

माणसंही अशीच येतात. या मुलांच्या चित्रांत माणसं कमी असतात म्हणून पालक घाबरतात आणि 'आईचं चित्र काढ' म्हणून मागे लागतात. गाडी आली की आधी लोको पायलट येतो, मग हिरवा झेंडा धरलेला गार्ड, मग फलाटावरचा वडापाववाला. प्रत्येकाला काहीतरी काम असतं म्हणून त्याला चित्रात जागा मिळते.

पंखेवाल्या मुलाला बालवाडीत 'माझे कुटुंब' काढायला सांगितलं होतं. त्याने चार पंखे काढले. आई रडवेली होऊन कागद घेऊन आली. आम्ही रेघा वाचल्या. एक पाचवर: बाबा, घरी आले की आधी पंखा जोरात करतात. एक एकवर: आजी, तिला गार लागतं. एक तीनवर, छोटा: तो स्वतः. चौथ्याला चौकोनी चौकट आणि जाळी, रेग्युलेटर नाही. "हा कुठला?" तिनेच मला विचारलं, आणि विचारतानाच ओठावर हात ठेवला. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट. ती स्वतः.

पायरी ६ : शाळेशी बोलणं

इथे भांडण उपयोगाचं नाही, चिठ्ठी उपयोगाची. चार ओळी पुरतात: मूल अमुक विषयातून चित्र काढतं, दिलेला विषय त्या विषयाला जोडून सांगितला तर तो करतो, चित्रातला तपशील चूक वाटला तर आधी घरी विचारा. सोबत मागे नोंद केलेली दोन चित्रं जोडा. मारुतीवाल्या मुलीच्या आईने क्युसेकचा अर्थ लिहून पाठवला आणि बाईंनी ते चित्र फळ्याशेजारी लावलं. गुण वाढले नाहीत, पण मुलगी आता चित्रकलेच्या तासाला बाहेर पळत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, त्यामुळे शाळेकडे सवलत मागणं म्हणजे मेहेरबानी मागणं नाही. तरी सुरुवात चिठ्ठीनेच करा.

पायरी ७ : वस्तूला भेटायला घेऊन जा

जाण्याआधी चित्र, आल्यावर चित्र, दोन्ही जपून ठेवा. नाशिकला पर्याय भरपूर आहेत: नाण्यांवर जीव असलेल्यांना अंजनेरीचं नाणेसंग्रहालय, दगड गोळा करणाऱ्यांना सिन्नरचं गारगोटी संग्रहालय, गाड्यांसाठी प्लॅटफॉर्म तिकीट काढून नाशिक रोडचा दुपारचा कमी गर्दीचा तास. रविवार आणि सणाचा दिवस टाळा. कानावर लावायचे मफ घ्या, आणि मुलाचा हात घट्ट धरा, कारण आवडती गोष्ट समोर आली की रुळ, पाणी, काठ यांचं भान जातं. हे मी भीती घालायला सांगत नाही, एकदा फलाटाच्या कडेवरून मुलाला मागे ओढलंय म्हणून सांगते.

थोडं काळजीचंही. चित्रात बुडून जेवण-झोप सुटली, कागद फाडून मूल स्वतःला मारायला लागलं, रोज काढणारं मूल अचानक थांबलं, किंवा कागदावरचा विषय हाताने करून बघायला लागलं (पंखेवाल्याचं बोट एकदा बोर्डात गेलं होतं), तर फाइल घेऊन डॉक्टरांकडे जा. मागे लिहिलेल्या तारखा तिथे कामाला येतात. आणि 'आधी पोळी संपव, मग पंखा' हा सौदा रोज करू नका. कधीतरी सगळेच करतात, मीही केलाय. पण आवड ही ओलीस ठेवायची वस्तू झाली की मूल ती लपवायला शिकतं.

उलट टोकही टाळा. लंडनचे स्वमग्न चित्रकार स्टीफन विल्टशर हेलिकॉप्टरमधून एकदा शहर बघून आठवणीने ते काढतात. २००५ मध्ये त्यांनी टोकियोचं दहा मीटर लांबीचं चित्र काढलं. नातेवाईक त्यांचा व्हिडिओ पाठवतात आणि विचारतात, "आपला केव्हा असं काढणार?" बहुतेक स्वमग्न मुलं इतर मुलांसारखीच वाकडीतिकडी काढतात. गाडी वाकडी असली तरी तिच्यात सांगण्यासारखं तेवढंच असतं.

पायरी ८ : थांबायचं कसं

तासाची वेळ संपली की रेल्वेवाल्या मुलाची रोज रडारड व्हायची. टायमर लावून बघितला, त्याच्या आवाजाने आणखी बिघडलं. मग खूण त्याच्याच जगातून घेतली. रेल्वेच्या शेवटच्या डब्यावर मागे मोठी फुली रंगवलेली असते. ती दिसली म्हणजे गाडी अख्खी आली, मध्ये डबा सुटलेला नाही. आम्ही ठरवलं, शेवटच्या डब्यावर फुली पडली की गाडी संपली, वही बंद. पंखेवाल्याकडे रेग्युलेटर शून्यावर. मारुतीवालीकडे पाणी पायाखाली. प्रत्येकाच्या विषयात 'संपलं' अशी काहीतरी खूण असते, ती मुलाकडूनच काढून घ्यायची.

पहिल्या दिवशी ही युक्ती लागू पडली म्हणून मी खुशीत होते. त्याने सावकाश फुली मारली, दोन्ही रेघा पट्टीने. मी वही मिटायला हात पुढे केला. त्याने मनगट धरून माझा हात बाजूला ठेवला आणि पट्टी पुढे सरकवली. कसारा होतं. बँकर लागायचे राहिले होते.